१९३७ ची मुंबई प्रांतिक निवडणूक आणि श्रमिकांचे उमेदवार

श्रमिकांचे हित जपणारा, पुरोगामी विचारांचा उमेदवार विधिमंडळात जावा ही इच्छा कामगारवस्तीत असणे ही एक गोष्ट आहे आणि असा उमेदवार प्रत्यक्ष निवडून येणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतराचा विचार सामान्यतः जागृती, संघटना आणि द्रव्यबळ यांच्या अनुरोधाने केला जातो. तो अयोग्य आहे असे नाही. परंतु मतदाराला किती मते आहेत, ती त्याने कशी द्यावयाची आणि मोजणाऱ्याने ती कशी मोजावयाची, या रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नांकडे त्या विचारात फारसे लक्ष जात नाही. मुंबई प्रांतातील १९३७ च्या निवडणुकीचा आणि त्यानंतर पंधरा वर्षांनी मुंबई शहरातच झालेल्या एका लढतीचा एकत्र विचार केला, तर या रुक्ष प्रश्नांनी श्रमिकांच्या पाठिंब्याचे मोल कसे ठरविले हे स्पष्ट होते.

१९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यान्वये प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळाली आणि १९३७ च्या प्रारंभी प्रांतिक विधानसभांच्या निवडणुका झाल्या. मताधिकार सार्वत्रिक नव्हता. शेतसारा, मालमत्ता, घरभाडे, शिक्षण अशा पात्रतांवर तो अवलंबून होता. त्यामुळे प्रौढ लोकसंख्येचा मोठा भाग, आणि त्यात स्वाभाविकपणे कष्टकऱ्यांचाच भरणा, मतदानापासून दूर राहिला. मुंबईच्या विधानसभेत १७५ जागा होत्या. त्यांपैकी ११४ सर्वसाधारण आणि २९ मुसलमानांच्या होत्या; सर्वसाधारण जागांतील १५ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या. उरलेल्या जागा जमीनदार, व्यापार, विद्यापीठ, स्त्रिया, युरोपियन इत्यादी गटांत वाटलेल्या होत्या. मजुरांच्या वाट्याला ७ जागा आल्या. व्यापार व उद्योग यांच्या प्रतिनिधींनाही नेमक्या ७ च जागा होत्या, हा योगायोग बोलका आहे. गिरणीमालकांची संख्या आणि गिरणीकामगारांची संख्या यांची तुलना कोणीही मनात करून पाहावी.

मजुरांच्या या राखीव जागा श्रमिकांच्या प्रतिनिधित्वाचा सरळ मार्ग वाटतात. त्यापूर्वी कायदेमंडळात मजुरांचा आवाज सरकारनियुक्त सभासदांच्या द्वारे उमटत असे, ना. म. जोशी हे १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात याच नात्याने बसत होते. नियुक्तीपेक्षा निवडणूक बरी, हे उघड आहे. तथापि मजूर मतदारसंघांचा एक मोठा भाग नोंदलेल्या कामगार संघांवर उभारलेला होता आणि ज्या कामगाराचा असा संघ नव्हता, त्याच्यापर्यंत हा मार्ग पोहोचत नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत तर प्रश्न आणखी अवघड होता. साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, अस्पृश्य कामगारांना प्रवेश नसे. धोट्यातील कांडी बदलताना सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि विटाळाच्या कल्पनेने सवर्ण विणकर त्याला हरकत घेत. विणाईची मजुरी सूतखात्यातील मजुरीपेक्षा चांगली असल्यामुळे हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता, तो पगाराचा प्रश्न होता. १९२८ च्या प्रदीर्घ संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विषय संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला होता. ज्या संघांनी हे दार उघडण्यास पुरेसा जोर लावला नाही, त्यांच्याच द्वारे आपले प्रतिनिधित्व व्हावे हे अस्पृश्य कामगाराला मानवणे कठीण होते.

या पार्श्वभूमीवर ऑगस्ट १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली. पक्षाच्या नावात जातीचा उल्लेख नसून ‘मजूर’ हा शब्द होता, आणि ही निवड विचारपूर्वक केलेली होती: दलित वर्ग हा बहुतांशी श्रमिकच असल्याने मजुरांच्या पक्षात त्याचा समावेश होतो, परंतु दलितांच्या पक्षात सर्व मजुरांचा होत नाही. पक्षाच्या कार्यक्रमात खोतीची पद्धत नष्ट करणे, गिरणीकामगारांच्या नेमणुका, बडतर्फी व बढती यांवर कायद्याचे नियंत्रण आणणे, कामाच्या तासांना मर्यादा, पुरेसे वेतन, भरपगारी रजा, भूतारण पेढ्या, सहकारी संस्था आणि आवश्यक तेथे उद्योगांची सरकारी मालकी, अशी कलमे होती. कोकणातील कूळ आणि परळ-भायखळ्यातील गिरणीकामगार हे पुष्कळदा एकाच घरातील दोन भाऊ असत, ही वस्तुस्थिती लक्षात घेतली म्हणजे खोतीचे कलम आणि गिरणीचे कलम एकाच जाहीरनाम्यात का आले हे समजते.

या पक्षावर तेव्हाच एक गंभीर आक्षेप घेतला जात होता आणि तो बाजूला सारता येण्यासारखा नाही. कम्युनिस्ट पक्षावर १९३४ पासून बंदी होती. त्याच वर्षी काँग्रेस समाजवादी पक्ष काँग्रेसच्या अंतर्गत स्थापन झालेला होता. साम्राज्यशाहीविरुद्ध एकच आघाडी असावी आणि श्रमिकांनी काँग्रेसमध्ये राहून तिला डावीकडे वळवावे, अशी डाव्या विचारांच्या अनेक कार्यकर्त्यांची भूमिका होती. काँग्रेसच्या १९३६ च्या जाहीरनाम्यातही कामगारांच्या वेतनाविषयी, कामाच्या तासांविषयी आणि संघस्वातंत्र्याविषयी आश्वासने होतीच. मग वेगळ्या मजूर पक्षाने मते फोडावीत कशासाठी? स्वतंत्र मजूर पक्षाचे उत्तर थोडक्यात असे, की ज्या पक्षात गिरणीमालक, खोत आणि सावकार यांचेही स्थान आहे, त्या पक्षाचे आश्वासन कायद्यात उतरण्याच्या वेळी कोणाच्या बाजूला झुकेल हे आधीच सांगता येते. या वादाचा निर्णय निवडणुकीत लागणार नव्हता. तो पुढे १९३८ मध्ये विधानसभेच्या सभागृहात लागावयाचा होता.

आता मतदानाच्या रीतीकडे वळले पाहिजे. १९३२ च्या पुणे कराराने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघांऐवजी संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा मिळाल्या. राखीव जागेसाठी चारांहून अधिक उमेदवार असल्यास प्रथम केवळ अनुसूचित जातींच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार जण निवडावयाचे; अंतिम निवड मात्र सर्व हिंदू मतदारांनी मिळून करावयाची. राखीव जागा ज्या मतदारसंघांत होत्या ते सर्व अनेक जागांचे होते आणि मतदाराला तेथील जागांइतकी मते होती. येथे प्रश्न असा उभा राहतो, की ही सर्व मते मतदाराला एकाच उमेदवारास देता यावीत, की प्रत्येक मत वेगळ्या उमेदवारास देण्याचे त्याच्यावर बंधन असावे? पहिल्या रीतीला एकवट मतदान आणि दुसरीला वाटप मतदान म्हणता येईल. मतदारसंघांच्या आखणीसाठी नेमलेल्या हॅमंड समितीपुढे या प्रश्नाची चर्चा झाली. दलितांच्या पुढाऱ्यांचा आग्रह एकवट मतदानाचा होता. मुंबई प्रांतात तीच रीत स्वीकारण्यात आली.

या निर्णयाचा अर्थ एका कल्पित उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. तीन जागांचा एक मतदारसंघ आहे, त्यांपैकी एक जागा राखीव आहे आणि मतदान करणारे ३०,००० आहेत, असे समजू. त्यांतील ८,००० मतदार मजूर पक्षाच्या अनुसूचित जातीच्या उमेदवारामागे आहेत. उरलेले २२,००० बलाढ्य पक्षाच्या तिन्ही उमेदवारांमागे आहेत आणि त्या तिघांपैकी एक अनुसूचित जातीचा आहे. वाटप मतदानात प्रत्येक मतदार एका उमेदवारास एकच मत देऊ शकतो. म्हणून बलाढ्य पक्षाच्या राखीव उमेदवारास २२,००० मते पडतील, मजूर पक्षाच्या उमेदवारास ८,०००, आणि राखीव जागा बहुसंख्याकांच्या पसंतीच्या माणसाकडे जाईल. एकवट मतदानात त्याच ८,००० मतदारांनी आपली तिन्ही मते आपल्या एकाच उमेदवारास दिली, तर त्याची बेरीज २४,००० होते. बलाढ्य पक्षाची ६६,००० मते तिघांत सारखी वाटली गेल्यास प्रत्येकी २२,००० होतात आणि राखीव जागा मजूर पक्षाकडे येते. बलाढ्य पक्षाने आपल्या राखीव उमेदवाराकडे अधिक मते वळविली, तर त्याच्या इतर दोघांची मते तेवढीच कमी होतील. मतदार तेच आणि त्यांची निष्ठा तीच असून केवळ मोजणीच्या नियमाने निकाल उलटतो. अर्थात हा लाभ शिस्तीवाचून मिळत नाही. तिन्ही मते एकाच नावावर टाकावयाची, ही गोष्ट मर्यादित साक्षरतेच्या समाजात चाळीचाळींतून आणि वाडीवाडीतून समजावून द्यावी लागे. आणि हे काम निवडणुकीतील भाषणांपेक्षा अधिक कष्टाचे होते.

फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाने १७ उमेदवार उभे केले आणि त्यांपैकी १४ निवडून आले. राखीव जागांवरील १३ उमेदवारांपैकी ११ विजयी झाले; सर्वसाधारण जागांवरील ४ पैकी ३. या दुसऱ्या आकड्याकडे अभ्यासकांचे जावे तितके लक्ष जात नाही. महाडच्या सत्याग्रहापासूनचे आंबेडकरांचे सहकारी अनंतराव चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस, तसेच भारत सेवक समाजातून आलेले शामराव परुळेकर हे या पक्षाचे सवर्ण आमदार. पक्षाच्या नावातील ‘मजूर’ हा शब्द केवळ शोभेचा नव्हता याचा तो पुरावा होय.

स्वतः आंबेडकर भायखळा-परळ भागातून उभे होते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध पाळवणकर बाळू यांना उभे केले. डावखुऱ्या फिरकी गोलंदाजीने हिंदू संघाला सामने जिंकून देणारे बाळू हे चांभार समाजातील आणि साऱ्या मुंबईला परिचित होते. एका काळी आंबेडकरांनाही त्यांच्याविषयी आदर होता. ही निवड चतुराईची होती, कारण तिने लढतीला जातीपेक्षा पक्षाचे स्वरूप आणले आणि दलित मतदारांतही फूट पडण्याचा संभव निर्माण केला. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हे आकडे मतांचे आहेत, मतदारांचे नव्हेत. एका मतदाराला अनेक मते एकाच्याच पारड्यात टाकता येत असल्यामुळे १३,२४५ मतांमागे माणसे त्याहून पुष्कळ कमी असू शकतात. या निवडणुकीचे आकडे पुढील काळातील आकड्यांशी सरळ ताडून पाहणाऱ्या लेखनात ही चूक वारंवार आढळते.

काँग्रेसला १७५ पैकी जवळजवळ निम्म्या जागा मिळाल्या. काही महिने धनजीशा कूपर यांचे तात्पुरते मंत्रिमंडळ राहिले आणि जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसने सत्ता स्वीकारली. अहमदाबादच्या मजूर महाजनाचे पुढारी गुलझारीलाल नंदा मजूर खात्याचे संसदीय चिटणीस झाले. म्हणजे श्रमिकांचे म्हणविणारे प्रतिनिधी सरकारच्या बाजूलाही होते आणि विरोधी बाकांवरही. गांधीप्रणीत मजूर महाजन लवादावर विश्वास ठेवणारे होते. मुंबईच्या गिरणगावाची परंपरा संपाची होती. कामगारहिताची कल्पना एकच नव्हती, हे या सभागृहाने दाखवून दिले.

सप्टेंबर १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधानसभेवर गेला. विधेयक मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा मुंबई विधिमंडळाने संमत केला तो स्वातंत्र्यानंतर, १९४९ चा. चौदा सदस्यांच्या गटाला स्वतःचा कायदा करवून घेणे शक्य नव्हते. विषय सभागृहाच्या पटलावर आणणे आणि सत्ताधाऱ्यांना त्याविषयी बोलावयास लावणे एवढेच त्याच्या हाती होते. ते सामर्थ्य क्षुल्लक मानू नये, पण त्याची अतिशयोक्तीही करू नये.

खरी कसोटी औद्योगिक कलहांच्या विधेयकाने झाली. सप्टेंबर १९३८ मध्ये मांडलेल्या या विधेयकात समेटाची कार्यवाही सक्तीची करण्यात आली होती; ती पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर आणि दंडनीय ठरणार होता, आणि संघांच्या नोंदणीच्या व मान्यतेच्या अटी अशा होत्या की मालकांच्या मर्जीतील संघांना सोय व्हावी, असा विरोधकांचा आरोप होता. आंबेडकरांनी सभागृहात घेतलेली भूमिका मूलगामी होती. मनाविरुद्ध काम करण्यास नकार देणे हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे. तो नकार गुन्हा ठरविणे म्हणजे दास्य निर्माण करणे होय, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. काँग्रेसच्या बहुमताने विधेयक संमत झाले. त्याच्या निषेधार्थ ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि श्रीपाद अमृत डांगे प्रभृती कम्युनिस्ट एकत्र आले, गोळीबारही झाला. १९३७ मध्ये आघाडीच्या एकजुटीसाठी काँग्रेसला बळ देणारे आणि काँग्रेसपासून अलग राहणारे, असे दोन्ही पक्ष वर्षा-दीड वर्षात त्याच काँग्रेस मंत्रिमंडळाविरुद्ध रस्त्यावर उभे राहिले. पूर्वोक्त वादाचा निकाल यातून पुरता लागला असे म्हणता येत नसले, तरी स्वतंत्र मजूर पक्षाची शंका निराधार नव्हती एवढे निश्चित झाले. संपातील हे ऐक्य मतपेटीपर्यंत मात्र गेले नाही.

ते का गेले नाही याचे एक कारण जुनेच होते. वर्ग की जात, हा प्रश्न दोन्ही बाजूंना सुटलेला नव्हता. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाड येथील अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. कम्युनिस्टांच्या लेखी त्यांपैकी दुसराच मुख्य होता. पुढे १९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली आणि नावातील मजूर मागे पडला.

त्यानंतर आली १९५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. ती प्रौढ मताधिकारावर झाली आणि ज्या कामगाराला १९३७ मध्ये मत नव्हते, त्यालाही आता मत मिळाले. परंतु मतदानाची रीत बदलली होती. राखीव जागा असलेले मतदारसंघ आता बहुधा दोन जागांचे होते. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मतदाराने एका उमेदवारास एकाहून अधिक मत देऊ नये असे ठरविले. दिल्यास एकच मोजावयाचे आणि उरलेले रद्द करावयाचे. म्हणजे एकवट मतदान गेले, वाटप मतदान आले. १९३७ मध्ये जे मतदाराचे हत्यार होते, तेच आता त्याच्या मताचा नाश करणारे झाले.

उत्तर मुंबईच्या लोकसभा मतदारसंघात फेडरेशनचे आंबेडकर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी युती करून निवडणूक लढविली. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि नारायण काजरोळकर समोर होते. कम्युनिस्टांतर्फे डांगे उभे होते. हा प्रदेश कामगारांचा. तेथे श्रमिकांच्या नावाने मते मागणारे दोन गट परस्परांविरुद्ध ठाकले. काजरोळकरांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते पडली. फरक १४,५६१ चा. निकालानंतर आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. त्यात ७४,३३३ मतपत्रिका रद्द झाल्याकडे लक्ष वेधले होते, आणि दोन्ही मते एकाच पेटीत टाकून दुसरे मत वाया घालविण्याचा प्रचार डांगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केल्याचा आरोप होता. अर्जाला यश आले नाही.

या आकड्यांचा अर्थ लावताना घाई करू नये. रद्द झालेली सर्व मते एरवी आंबेडकरांना पडली असती असे समजण्यास आधार नाही. काही काँग्रेसकडे गेली असती, काही अन्य उमेदवारांकडे. एकाच उमेदवाराला सर्व मते द्यावयाची ही १९३७ ची शिकवण आंबेडकरांच्या अनुयायांच्याही मनात रुजलेली असणे अशक्य नाही. तरीही रद्द मतांपैकी सुमारे एक पंचमांश मते आंबेडकरांकडे वळती, तर निकाल फिरला असता, एवढे साधे गणित पुरेसे बोलके आहे. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा आंबेडकर आणि मेहता एकत्र उभे राहिले. तेथे मेहता निवडून आले आणि आंबेडकर पराभूत झाले. वाटप मतदानात दुसरे मत मित्रपक्षाला मिळवून देणे हाच युतीचा प्राण असतो; समाजवाद्यांकडे पडणारे सवर्णांचे पहिले मत ज्या सहजतेने पडले, त्या सहजतेने त्यांचे दुसरे मत दलित उमेदवाराकडे गेले नाही, असाच या निकालाचा अर्थ संभवतो.

१९५७ मध्ये परिस्थिती पालटली. फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन हे सर्व एका छत्राखाली आले. भाषिक राज्याच्या मागणीने ते घडवून आणले, मजुरांच्या मागण्यांनी नव्हे. पण त्याचा परिणाम असा झाला, की दोन जागांच्या मतदारसंघात मतदाराची दोन्ही मते एकाच आघाडीत राहण्याची सोय झाली. डांगे मुंबईतून आणि दादासाहेब गायकवाड नाशिकहून लोकसभेवर निवडून आले. गायकवाड १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले आणि १९६२ च्या निवडणुकीपासून राखीव मतदारसंघही एकाच जागेचे झाले. तेव्हापासून एका मतदाराला एकच मत उरले. दुसरे मत कोणाला द्यावयाचे हा प्रश्न मतदारापुढून नाहीसा झाला आणि कोणत्या मतदारसंघात कोणी उभे राहावयाचे, या पक्षापक्षांतील वाटाघाटींत तो जाऊन बसला.